मर्टिस पूलने सोडलेले पाच मासे

हॉलिस टिडवेल कधी निवांत बसलाय असं त्याच्या बायकोने, रूथॅनने, अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं. त्याचा धंदा घरांची छपरं घालायचा. छपरावर चढलेल्या माणसाला पाऊस यायच्या आत खाली उतरायचं असतं, आणि हॉलिस जमिनीवरही तसाच वागायचा. जेवायची घाई, चर्चमधून निघायची घाई, दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची घाई. शनिवारी तो टॅलबर्ट तलावावर बास जातीचे मासे धरायला जायचा, तेही पाठीमागे कोणी लागल्यासारखा.

त्याची बोट वीस फुटी होती. लाल, चमकी भुरभुरल्यासारखी झगमगणारी. मागे सव्वादोनशे अश्वशक्तीचं इंजिन. या टोकाच्या धरणापासून त्या टोकाच्या लोखंडी पुलापर्यंत तो बारा मिनिटांत पोचायचा, आणि ही गोष्ट कोणी विचारली नाही तरी सांगायचा.

तलावावर एक बास क्लब होता. सव्वीस सभासद, महिन्यातून एका शनिवारी स्पर्धा. उजाडताना सुटायचं आणि दुपारी तीनच्या आत धक्क्यावर परत यायचं. प्रत्येकाने जास्तीत जास्त पाच बास आणायचे, तेही जिवंत. वजन करून झालं की सगळे परत पाण्यात. मासा मेला तर वजनात कपात, आणि तीन वाजून पंधरा मिनिटं झाली की फाटक बंद. गेली दोन वर्षं या स्पर्धांत हॉलिसच्या पुढे एकच नाव असायचं, आणि ते त्याला पचत नव्हतं. मर्टिस पूल.

मर्टिस एकोणसत्तर वर्षांची. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. क्लबातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी तिच्या हातचे कुस्करलेले बटाटे खाल्ले होते आणि ताटात गाजरं टाकल्याबद्दल तिची बोलणीही. तिची बोट म्हणजे ॲल्युमिनियमची चौदा फुटी होडी, ठिकठिकाणी चेपलेली. मागे छोटं इंजिन, पुढे बॅटरीवर चालणारी आवाज न करणारी मोटर. मासे ठेवायला तिच्याकडे टाकी नव्हती. सहलीला नेतात तसली बर्फाची मोठी पेटी पाण्याने भरून तिच्यात ती काचेच्या मत्स्यपेटीला लावतात तो हवेचा पंप सोडायची. बाजारातली आमिषं ती घेत नसे. शिशाचं डोकं असलेल्या गळाला रबराच्या झिरमिळ्या बांधून जिग बनवतात, ते ती स्वतःच्या ओट्याशी बसून, चष्मा नाकावर ओढून बांधायची.

हॉलिसने हिवाळ्यात क्लबापुढे एक ठराव मांडला होता. पन्नास अश्वशक्तीच्या खालच्या बोटींना स्पर्धेत घेऊ नये. कारण काय, तर सुरक्षितता. तलाव मोठा, वारा सुटतो, म्हातारं माणूस, उगाच जोखीम कशाला. बोलला अगदी काळजीच्या सुरात. पण अशी बोट क्लबात एकच होती, आणि ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. मतदान एप्रिलच्या बैठकीत व्हायचं होतं.

मार्चच्या त्या शनिवारी पहाटे धक्क्यावर गाड्या उलट्या लावून बोटी पाण्यात सोडणं चाललं होतं. तोंडातून वाफा निघत होत्या.

"मिस मर्टिस," हॉलिस ओरडला, "शिवणयंत्राला तेल घातलं का?"

"घातलं रे बाबा," मर्टिस म्हणाली. "शिवणयंत्र हळू चालतं, पण टाका सरळ पडतो. तुझे चार टाके मागच्या महिन्यात उसवले होते, ना?"

आसपासचे हसले. मागच्या महिन्यात हॉलिसचे चार मासे गळाला लागून सुटले होते.

क्लबाचा अध्यक्ष लॅमार प्रत्येक बोटीजवळ जाऊन, पाण्यात पडताच फुगणारी जॅकेटं तपासत होता. मर्टिसची नजर मात्र हॉलिसच्या सुकाणूपाशी लोंबणाऱ्या लाल दोरीवर होती. ती दोरी चालवणाऱ्याने कमरेला अडकवायची असते. माणूस बोटीबाहेर फेकला गेला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं.

"ती अडकव, हॉलिस. पावसाने ओंडके वाहून आलेत."

"हो हो, अडकवतो," हॉलिस म्हणाला, आणि लॅमारने हात खाली करताच सुसाट निघाला.

दिवस हॉलिसच्या बाजूने होता. दोन दिवस ऊन पडलं होतं आणि पाणी पन्नास अंश फॅरनहाइटवर आलं होतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीचं असतं तसं गार, पण हिवाळाभर खोलात बसलेल्या बासला एवढी ऊबही पुरते. अंडी घालायच्या आधी ते वर सरकायला लागतात, आणि पोटं भरायची त्यांना निकड असते. हॉलिसला दुपारपर्यंत चार चांगले मासे मिळाले. पाचवा हवा होता, आणि तो कुठे मिळेल हेही त्याला माहीत होतं. लोखंडी पुलाच्या अलीकडे, जुन्या कापूस गिरणीचा पाया पाण्याखाली बुडालेला होता तिथे. ही जागा त्याने पंधरा वर्षांत कोणाला दाखवली नव्हती. रूथॅनलासुद्धा नाही, आणि रूथॅन तर गळाला हात लावत नसे.

घड्याळात पावणेदोन झाले होते. त्याने गळाच्या काठ्या आडव्या टाकल्या, खुर्चीत बसला आणि इंजिन चालू केलं. लाल दोरी सुकाणूपाशीच लोंबत राहिली. एवढ्याशा अंतरासाठी कुठे अडकवायची.

ओंडका त्याला दिसलाच नाही. पाणी पिऊन जड झालेला, जेमतेम पृष्ठभागाला टेकलेला लाकडाचा तुकडा. बोट एका बाजूला उसळली, हॉलिसचा उजवा खांदा कशावर तरी आपटला, आणि पुढच्या क्षणी तो पाण्यात होता.

थंडीने त्याचा श्वासच काढून घेतला. जॅकेट फट्कन फुगलं, म्हणून डोकं वर राहिलं. उजवा हात हलेना. तोंडातलं पाणी थुंकून त्याने वर बघितलं, तर त्याची स्वतःची बोट त्याच्याच दिशेने येत होती.

चालक नसलेली बोट सरळ जात नाही. ती गोल फिरते. सव्वादोनशे अश्वशक्तीचं ते इंजिन पाणी कापत आलं, त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेलं आणि वळून पुन्हा आलं. हॉलिसने डाव्या हाताने पाणी मारायचा प्रयत्न केला. कुठे जाणार? तो वर्तुळाच्या मध्ये होता, आणि वाऱ्याबरोबर ते वर्तुळ थोडं थोडं सरकत होतं. इंजिनाखालचं पातं त्याला दिसत नव्हतं, पण त्याचा आवाज पाण्यातून छातीत शिरत होता. रूथॅन, असं तो मोठ्याने म्हणाला. एवढंच त्याला नंतर आठवलं.

मर्टिस त्या वेळी परत निघाली होती. तिच्या बोटीला धक्का गाठायला तास लागायचा, म्हणून ती सगळ्यांच्या आधी काठी ठेवायची. वळणावर येताच तिने लाल बोट गरगर फिरताना पाहिली. खुर्ची रिकामी. मग मध्ये पाण्यावर पिवळं जॅकेट दिसलं.

ती जवळ आली आणि थांबली. का थांबली हे हॉलिसला तेव्हा कळेना. तो ओरडत होता आणि ती होडीत उभी राहून बोटीकडे बघत होती, ओठ हलवत. ती मोजत होती. एका फेरीला नऊ सेकंद. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा खात्री केली. मग लाल बोट समोरून गेली त्याच क्षणी तिने इंजिनाचा कान पिळला आणि तिच्या मागोमाग सरळ वर्तुळात घुसली.

"हॉलिस! तोंड माझ्याकडे कर!"

ती त्याच्या आणि त्याच्या बोटीच्या मध्ये येऊन थांबली. इंजिन बंद केलं आणि वाकून त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला. लाल बोट पलीकडून गेली, तिच्या लाटेने होडी गदगदली, पण मर्टिसची मूठ सुटली नाही.

"मिस मर्टिस, जा तुम्ही. दोघंही मरू."

"गप्प बस. एकतीस वर्षं दोनशे पोरांना रांगेत उभं केलंय मी. तू कोण लागून गेलास?"

तिने नांगराची दोरी त्याच्या काखेखालून घेतली आणि होडीच्या मधल्या आडव्या पट्टीला बांधली. हॉलिस चांगला सव्वादोनशे पौंडांचा गडी. त्याला वर ओढलं असतं तर होडी उलटली असती. नुसतं बांधलं तरी ती त्याच्या अंगावर कलली, कारण पाण्याने भरलेली ती पेटीही त्याच बाजूला होती. मर्टिसने पेटीकडे एकदा बघितलं. मग झाकण उघडलं, दोन्ही हातांनी तळाशी धरलं आणि पेटी काठावरून उपडी केली.

पाणी हॉलिसच्या डोक्यावरून गेलं आणि त्याबरोबर पाच बास. चार गेले कुठल्या कुठे. पाचवा मात्र क्षणभर त्याच्या छातीशी थांबला, हिरवागार, मोठ्ठ्या तोंडाचा, पोट फुगलेला. आयुष्यभर बास धरलेल्या माणसाने त्या अवस्थेतही मनात वजन केलं. सात पौंड. मासा शेपटी हलवून खाली गेला.

एव्हाना वाऱ्याने लाल बोटीचं वर्तुळ काठाकडे सरकत चाललं होतं. मर्टिसने आणखी दोन फेऱ्या जाऊ दिल्या, मग पुढची मोटर पाण्यात सोडली आणि तशीच, हॉलिसला बगलेला बांधून, होडी उलट्या दिशेने बाहेर काढली. थोड्याच वेळात मागे मोठा आवाज झाला. लाल बोट चिखलाच्या काठावर चढली होती आणि तिचं इंजिन हवेत किंचाळून बंद पडलं.

काठ अजून लांब होता. मर्टिसने फोन करून मदत मागवली, पण मदतीची बोट यायला वेळ लागणार होता. हॉलिसचे ओठ निळे पडले होते. त्याला झोप यायला लागली. थंडी वाजायची थांबली होती, आणि हे वाईट लक्षण आहे हे मर्टिसला माहीत होतं.

"हॉलिस. ए हॉलिस! पाणी पन्नास अंश, दोन दिवस ऊन. बास कुठे असतील?"

"काय?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"ओढ्यात... बुडालेल्या ओढ्याच्या वळणावर."

"आणि दुपारी?"

"वर. खडकाळ उतारावर. उन्हाच्या बाजूला."

"आमिष?"

"जिग."

"रंग कोणता? बोल!"

"तपकिरी. झिंग्यासारखा. पाणी गढूळ असेल तर... काळा-निळा."

"तळाला पोचल्यावर किती हलवायचा?"

"हलवायचा नाही. नुसता... ओढायचा. दगडाला लागेपर्यंत."

"चावा कसा कळतो?"

हॉलिसचे डोळे मिटत होते. तिने वाकून त्याच्या गालावर चापट मारली.

"कळत नाही," तो म्हणाला. "जड लागतं. दोऱ्याला ओलं फडकं लागल्यासारखं."

"मग काय करायचं?"

"झटका द्यायचा."

"चूक! आधी सैल दोरा गुंडाळायचा, मग झटका. तिथेच तुझे मासे सुटतात, पंधरा वर्षं बघतेय मी. आता सांग, एवढ्या घाईने कुठे निघाला होतास?"

"गिरणीवर," हॉलिस म्हणाला. "जुनी कापूस गिरणी. पुलाच्या अलीकडे तिसरा विजेचा खांब धरायचा आणि... आणि पायाच्या कोपऱ्यावर टाकायचं. कोणाला सांगू नका."

"नाही सांगत. पुढे बोल. कोपरा कोणता?"

असं करत करत ती काठाला लागली. गुडघाभर चिखलात उतरून तिने त्याला काखेत धरून ओढलं, त्याचा ओला सदरा कात्रीने कापला, आपलं लोकरीचं जाकीट त्याला घातलं, वर होडीतल्या फळीवर अंथरलेली गोधडी गुंडाळली आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसून राहिली. मदतीची बोट आली तेव्हा तिला पहिलं वाक्य सुचलं ते हे: "सावकाश उचला, याचा खांदा मोडलाय."

कॉलरबोन आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या. इस्पितळात हॉलिस चार दिवस होता. डॉक्टरांनी सांगितलं, अजून पंधरा मिनिटं पाण्यात राहिला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं. रूथॅन त्याच्या पलंगाशी बसून त्याचा डावा हात धरून होती आणि त्याला रागवावं की रडावं हे तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून ती दोन्ही करत होती.

"तिला काय म्हणालास तू?" तिने विचारलं.

"कोणाला?"

"मर्टिसबाईंना रे. आभार मानलेस का?"

हॉलिसने आठवून पाहिलं. मानले नव्हते. बासच्या रंगाबद्दल बोलला होता, गिरणीबद्दल बोलला होता, आभार राहिले होते.

घरी आल्यावर आठवड्याभराने तो एका हाताने गाडी चालवत मर्टिसकडे गेला. जाताना दुकानातली सगळ्यात भारी गळकाठी आणि रीळ बरोबर घेतलं होतं, वर लाल फीत बांधून. मर्टिस ओसरीवर बसून जिग बांधत होती. त्याने काठी पुढे केली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"हे काय?" मर्टिसने विचारलं.

"तुमच्यासाठी. म्हणजे... त्या दिवसाचं."

मर्टिसने काठी हातात घेतली, वाकवून बघितली, टोक न्याहाळलं.

"फार सुंदर आहे. पण माझ्याकडे काठी आहे."

"असू दे ना. दुसरी."

"हात दोनच आहेत रे मला. परत देऊन टाक दुकानात. चहा घेतोस?"

तिथला चहा म्हणजे बर्फ घातलेला, साखरेचा पाक झालेला. हॉलिस दोन पेले प्यायला, हवेबद्दल बोलला आणि काठी घेऊन परत आला. रूथॅनने दारातूनच त्याचं तोंड बघितलं.

"नाही घेतली ना? अरे, छप्पर घालून दिल्यावर लोक तुझ्यासमोर दुसरं छप्पर आणून ठेवतात का? तोंडाने बोल की दोन शब्द."

बोलणं सोपं नव्हतं. त्या दिवसापासून हॉलिसला सकाळी जाग आली की आधी श्वास घेतल्याचं कळायचं, मग खिडकीतलं झाड दिसायचं, मग स्वयंपाकघरात रूथॅनच्या भांड्यांचा आवाज यायचा, आणि यातलं प्रत्येक आपल्याला कोणीतरी परत आणून दिलंय असं त्याला वाटायचं. एवढं सगळं दोन शब्दांत कसं कोंबायचं हे त्याला कळत नव्हतं.

एप्रिलच्या बैठकीला तो हात गळ्यात बांधून गेला. लॅमारने कागद चाळत विचारलं, "हॉलिस, तुझा तो ठराव. पन्नास अश्वशक्तीचा. मतदान घ्यायचं ना?"

हॉलिस उभा राहिला.

"ठराव मी मागे घेतो," तो म्हणाला. "आणि तो का मांडला होता तेही सांगतो. सुरक्षिततेशी त्याचा काही संबंध नव्हता. मी मिस मर्टिसकडून हरत होतो, एवढंच. सव्वादोनशे अश्वशक्ती मला मारायला निघाली होती, आणि ज्या बोटीला मी हसायचो तिने मला बाहेर काढलं. त्या दिवशी त्यांच्या पेटीत पाच मासे होते. ते त्यांनी माझ्यासाठी पाण्यात ओतले. ते कोणीच तोलले नाहीत, पण एक माझ्या छातीपाशी होता, मी पाहिलाय. सात पौंडांचा होता."

"बुडणाऱ्याला मासा मोठाच दिसतो, हॉलिस!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळी खोली हसली. हॉलिसही हसला, बरगड्या धरून. मग तो म्हणाला, "यापुढे सकाळी जॅकेटांबरोबर लाल दोऱ्याही तपासल्या जाव्यात असा माझा नवा ठराव आहे. आणि तपासणी मी करीन." तो एकमताने मंजूर झाला.

बैठक संपल्यावर मर्टिस त्याच्याजवळ आली.

"बरं बोललास. जरा लांबलं."

"मिस मर्टिस, मला तुम्हाला खरंतर..."

"तुझा हात कधी सुटणार?"

"अजून पाच आठवडे."

"म्हणजे बोट नाही, काठी नाही. रूथॅनला वेड लावशील घरात. बुधवारी सहाला धक्क्यावर ये. डब्यात काहीतरी आण."

बुधवारी तो आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी आणि कसलीही घाई नसताना धक्क्यावर उभा होता. मर्टिसची होडी निघाली. हळूहळू, काठाकाठाने. वीस वर्षं ज्या तलावावर तो ताशी साठ मैलांच्या वेगाने धावला, तो त्याने त्या दिवशी पाहिला. एका सुकलेल्या झाडावर बगळ्यांची घरटी होती, बारा-पंधरा तरी. काठावरच्या लिलीच्या पानांखाली माशांच्या काळ्या पिल्लांचा घोळका हलत होता आणि त्याच्यावर एक नर बास पहारा देत होता.

"त्याच्यावर गळ टाकायचा नाही," मर्टिस म्हणाली. "बाप कामावर आहे."

तास उलटला. हॉलिसने मान वर करून बघितलं तर समोर तिसरा विजेचा खांब होता.

"गिरणीवर आणलंत," तो म्हणाला. "बरोबर आहे. मीच सांगितली तुम्हाला."

मर्टिसने पुढची मोटर बंद केली आणि बसायच्या फळीवर सावरून बसली.

"तू सांगायच्या आधीपासून मला ही जागा माहीत आहे, हॉलिस. माझे वडील या गिरणीत कामाला होते. धरण झालं, पाणी चढलं, तेव्हा मी लहान होते. कोपरा कुठे आहे ते डोळे मिटून दाखवीन."

"मग तुम्ही इथे कधी दिसला कशा नाहीत? पंधरा वर्षांत एकदाही नाही."

"तू यायचास ना इथे. एके शनिवारी मी पुलाखाली होते, तुझ्याकडे बघत. तुला एक मोठा लागला आणि तू एकटाच बोटीत नाचलास. मला वाटलं, या माणसाला हे असू द्यावं. मला दुसऱ्या जागा आहेत."

पंधरा वर्षं आपण ही जागा जपली असं हॉलिस समजत होता. जपत होतं दुसरंच कोणीतरी, आणि त्याच बाईला तलावावरून हाकलायला आपण कागद लिहिला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते पुसलंही नाही.

"मिस मर्टिस," तो म्हणाला, "तुमचे उपकार आहेत माझ्यावर. त्या दिवसाचे, आणि हे असले, मला ठाऊकसुद्धा नसलेले. मी तुमचा फार फार आभारी आहे. काठी राहू दे, मला हे बोलायचं होतं."

मर्टिसने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला.

"मीही सांगते. त्या दिवशी तुला घेऊन गेले ना, त्यानंतर मी माझ्या गाडीत बसले आणि मला किल्ली फिरवता येईना. बसून राहिले आणि म्हटलं, देवा, नऊपर्यंत मोजता आलं, फार झालं. तू वाचलास याचा मला किती आनंद आहे हे तुला कळायचं नाही. आणि तू ती फीत बांधलेली काठी घेऊन आलास, मयताला आल्यासारखं तोंड करून! तू गेल्यावर मी एकटीच खूप हसले."

मग तिने काठी त्याच्या डाव्या हातात दिली आणि शिकवायला सुरुवात केली. दोरा बोटाने पुसून बघ, कुठे खरखर लागली तर तेवढा कापून पुन्हा गाठ मार. गाठ ओढायच्या आधी थुंकी लाव, नाहीतर दोरा जळतो. टाकताना खांदा नाही, मनगट. डाव्या हाताने हॉलिसची पहिली फेक मोटरीत अडकली, दुसरी त्याच्याच टोपीत. अकराव्या फेकीला जिग कोपऱ्याच्या जवळपास पडला. तळाला गेला. दगडाला लागला. मग काहीच लागेना, नुसतं जड.

"सैल दोरा!" मर्टिस म्हणाली.

त्याने उजव्या हाताची मोकळी बोटं कशीबशी रिळावर नेली, दोरा गुंडाळला आणि मग झटका दिला. मासा दोन पौंडांचाही नव्हता. मर्टिसने आधी आपला हात पाण्यात भिजवला, खालच्या ओठाला अंगठा लावून त्याला उचललं, पोटाखाली दुसरा हात धरला आणि हॉलिसला दाखवला.

"छान आहे," हॉलिस म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

दुपारी त्यांनी रूथॅनने दिलेली टोमॅटोची सँडविचं खाल्ली, आणखी सहा मासे धरले आणि सोडले. परतीला पुरता तास लागला.

धक्क्यावर रूथॅन उभी होती. हॉलिसने तिला बोलावलं नव्हतं. तिच्या हातात पीचच्या गोड पाईचं झाकलेलं भांडं होतं. हॉलिस इस्पितळात गेल्यापासून तिने मर्टिसला दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा मर्टिसने काहीतरी काम सांगून तो लवकर ठेवला होता. आता पळायला जागा नव्हती. होडी लागली, मर्टिस उतरली, आणि रूथॅनने भांडं हॉलिसच्या डाव्या हातात कोंबून तिचे दोन्ही हात धरले.

"अगं, हात माशांचे आहेत," मर्टिस म्हणाली.

"असू देत," रूथॅन म्हणाली, आणि तिने ते सोडले नाहीत.

हॉलिस एका हातात भांडं धरून पाण्याच्या काठाशी थांबला. मग मर्टिसने नाक ओढलं आणि म्हणाली, "पीच आहे का आत? मग चला माझ्या ओसरीवर. ते गरम आहे तोवर खायला हवं."

रूथॅनने होडीची एक बाजू धरली, मर्टिसने दुसरी, आणि दोघींनी मिळून ती गाडीवर चढवली.